भाऊ बरा दिसतोय, मग १४ दिवस सलाइन कशाला?

पत्र : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, द्राक्षबाग बघतो. लहानपणापासून त्याचा उजवा कान वाहतो. या वेळी कान वाहायला लागला तेव्हा मामांनी (त्यांचं मेडिकल स्टोअर आहे) तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन दिलं. चौथ्या रात्री सणकून ताप आला, उलट्या झाल्या, डोकं फुटतंय म्हणून ओरडत होता आणि पहाटे असंबद्ध बडबडायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मान वाकवून पाहिली आणि काही न तपासता, आम्हाला न विचारता आधी स्टेरॉइड आणि लगेच सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक देऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. सांगलीला पोचल्यावर पाठीतलं पाणी काढलं. ते ताकासारखं गढूळ होतं. मेंदूज्वर (मेनिन्जायटिस) निघाला, जंतू न्यूमोकॉकस. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी काढलं. चौथ्या दिवशी स्टेरॉइड थांबवलं आणि दोन अँटिबायोटिक इंजेक्शनांपैकी व्हॅन्कोमायसिन बंद केलं.

आज पाचवा दिवस. तो उठून बसतो, पोहे खातो, घरी चला म्हणून मागे लागलाय. हाक मारली की ‘हं? हं?’ करतो, अशक्तपणा असेल. डॉक्टर म्हणतात १४ दिवस शिरेतूनच सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन. मामा म्हणतात टायफॉइडला बरेच जण दिवसाला २ ग्रॅम देतात, इथे २ ग्रॅम दिवसातून दोनदा कशाला? गोळ्या लिहून घ्या आणि डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) घ्या. शिवाय रिपोर्टवर पेनिसिलिनपुढे दोन ओळी आहेत : मेनिन्जायटिससाठी ‘रेझिस्टंट’, इतर आजारांसाठी ‘सेन्सिटिव्ह’. जंतू एकच, मग दोन्ही कसं? पाठीत दोनदा सुई घातली, तर त्याच वाटेनं औषध का नाही सोडलं? आणि घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांना काही द्यायचं का?
— एक बहीण, तासगाव तालुका

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्या संध्याकाळीच आपण फोनवर बोललो आणि डामा घेऊ नका, एवढं मी कळवळून सांगितलं. हे छापून तुमच्या हातात पडेल तेव्हा भावाचा अकरावा-बारावा दिवस असेल. तरी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मामांचा प्रश्न वेडगळ नाही. वॉर्डात निम्मे नातेवाईक तोच विचारतात आणि राउंडच्या घाईत आम्ही डॉक्टर ‘कोर्स पूर्ण करायचा’ एवढं बोलून पुढच्या खाटेकडे वळतो.

सुरुवात रिपोर्टवरच्या त्या दोन ओळींपासून करतो. लॅबची चूक झालेली नाही. उलट तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या दोन ओळींत आहेत.

फोनवर तुम्ही मला आकडा वाचून दाखवलात : पेनिसिलिन ०.५. म्हणजे एका मिलिलीटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम पेनिसिलिन असलं तर या जंतूची वाढ थांबते. हाच जंतू भावाच्या फुफ्फुसात असता आणि न्यूमोनिया झाला असता, तर शिरेतून दिलेलं पेनिसिलिन तिथे या आकड्याच्या कितीतरी पट पोचलं असतं. म्हणून ‘सेन्सिटिव्ह’. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणायची मर्यादा न्यूमोनियासाठी २ आहे. पण हा जंतू बसलाय मेंदूभोवतीच्या पाण्यात (पाठीतून काढलं ते हेच पाणी). तिथे पेनिसिलिन भरमसाट डोस देऊनही एका मायक्रोग्रॅमच्या आसपासच पोचतं, आणि इथे जंतू मारायला त्याच्या आकड्याच्या कितीतरी पट औषध लागतं (का, ते पुढे येतं), त्यामुळे मेनिन्जायटिससाठी मर्यादा आहे ०.०६. भावाचा जंतू तिच्या आठपट वर, म्हणून ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा. जंतू एकच आहे, त्याची बसायची जागा वेगळी आहे.

या जागेची गोष्ट अशी. शरीरात इतरत्र बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना फटी असतात. रक्तातली औषधं त्या फटींतून आजूबाजूच्या मांसात, त्वचेत, फुफ्फुसात सहज झिरपतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. जर्मनीत पाउल एअर्लिख यांनी १८८५च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंग धरवत नसेल. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमान यांनी १९१३मध्ये तो रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला आणि मेंदू निळा झाला, बाकीचं शरीर कोरं. म्हणजे मेंदू रंगतो, मधे कुंपण आहे.

मेंदूभोवतीचं पाणीही असंच राखलेलं असतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे झुबके असतात, तिथे ते तयार होतं. मोठ्या माणसात एका वेळी जेमतेम १५० मिली असतं, पण दिवसाला सुमारे अर्धा लिटर बनतं आणि तेवढंच रक्तात परत जातं. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं आणि त्यात पोचलेलं औषधही वाहून जातं. त्यावर कडी म्हणजे त्या झुबक्यांमध्ये पंप असतात. पेनिसिलिनसारखं औषध आत आलं की ते त्याला उचलून पुन्हा रक्तात टाकतात. जुन्या वाड्यात ओसरीपर्यंत कोणीही यायचं, माजघरापर्यंत ओळखीचे, आणि देवघराशी आजी उभी असायची, तशातला प्रकार. रक्तातून सगळं औषध ओसरीवर येतं. देवघरात किती जातं, ते आजी ठरवते.

आजी कोणाला सोडते? आकाराने लहान, चरबीत विरघळणारं आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून न बसणारं औषध असेल त्याला. मेट्रोनिडाझोल सहज जातं. क्लोरॅम्फेनिकॉल चांगलं जातं. सेफ्ट्रायॅक्सोनला मात्र सगळंच आडवं येतं : पाण्यात विरघळणारं, शिवाय रक्तात ८५ ते ९५ टक्के प्रथिनांना चिकटलेलं, आणि चिकटलेला भाग कुंपण ओलांडत नाही. व्हॅन्कोमायसिनचा रेणू तर अवजड, सेफ्ट्रायॅक्सोनच्या अडीचपट. निरोगी माणसाला ही औषधं दिली तर पाठीच्या पाण्यात रक्तातल्या पातळीचा एखाद-दुसरा टक्काच सापडेल.

मग भाऊ बरा कसा झाला? कारण आजारानेच दार मोडलेलं होतं.

जंतूंच्या भिंतीचे तुकडे त्या पाण्यात पडले की शरीर जोरदार दाह उभा करतं, आणि त्या दाहात रक्तवाहिन्यांचे टाके सैल होतात. बाहेर हाकलणारे पंपही मंदावतात. मग रक्तातल्या पातळीच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत सेफ्ट्रायॅक्सोन आत जातं. घराला आग लागली की दार मोडून पडलेलं असतं आणि घागर घेऊन कोणीही आत धावतं, तसं. पण आग विझत आली की शरीर आधी दार बसवायला घेतं. पाचव्या दिवशी भाऊ पोहे खातोय, घरी चला म्हणतोय, याचा अर्थ त्याचा दाह उतरलाय. आणि दाह उतरलाय याचा दुसरा अर्थ, आज त्याच २ ग्रॅममधलं औषध पहिल्या रात्रीपेक्षा कमी आत जातंय.

हे मामांना नीट समजावून सांगा. इतर आजारात पेशंट सुधारला की आपण डोस उतरवतो, शिरेतल्या इंजेक्शनवरून गोळीवर येतो. इथे पेशंट जितका सुधारतो तितकी औषधाची वाट अरुंद होते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत तोच पूर्ण डोस, शिरेतूनच.

आता २ ग्रॅम दोनदा कशाला, त्याचा हिशेब. फुफ्फुसात किंवा रक्तात औषधाने जंतूला नुसतं दमवलं तरी पुढचं काम शरीर करतं. पांढऱ्या पेशी असतात, प्रतिपिंडं असतात. पाठीच्या पाण्यात ही फौज जवळजवळ नसतेच. सुरुवातीला पेशी धावून येतात, पण जंतूला धरून गिळायला लागणारी मदतनीस प्रथिनं तिथे फार कमी. म्हणून मारण्याचं सगळं काम औषधानेच करायचं. सशांवरच्या प्रयोगांतून असं दिसलं की जंतू मारायला परीक्षानळीत जेवढं औषध लागतं त्याच्या १० ते २० पट पाण्यात असलं, तर ते पाणी झपाट्याने निर्जंतुक होतं. भावाच्या जंतूसाठी सेफ्ट्रायॅक्सोनचा आकडा तुम्ही ०.२५ सांगितलात. त्याच्या दहापट म्हणजे अडीच, वीसपट म्हणजे पाच मायक्रोग्रॅम. २ ग्रॅम शिरेतून गेल्यावर रक्तात दर मिलिलीटरला अडीचशेच्या आसपास मायक्रोग्रॅम होतात आणि पाण्यात काही मोजके. बारा तासांनी पुढचा डोस येईपर्यंत ते मोजके टिकायला हवेत. टायफॉइडचा जंतू रक्तात आणि आतड्याच्या गाठींमध्ये असतो, तिथे असलं कुंपण नाही. तोच डोस इथे लावला तर पहाटेपर्यंत पातळी घसरेल आणि राहिलेले जंतू पुन्हा वाढायला लागतील. बिलाचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर पुढे येतो.

गोळ्यांचं म्हणाल तर सेफ्ट्रायॅक्सोनची गोळीच नाही. दुकानात त्याच्या नात्यातली सेफिक्झिम मिळते. ती पोटातून अर्धवट शोषली जाते, रक्तातली पातळी सेफ्ट्रायॅक्सोनच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्यातला अंशच आत जाणार. नाव सारखं वाटतं म्हणून ती देऊन घरी पाठवलेला पेशंट मी पाहिलाय. रजिस्ट्रार होतो तेव्हाची गोष्ट. सहाव्या दिवशी हसत गेलेला मुलगा अकराव्या दिवशी झटके येत असताना परत आणला. तो वाचला, पण शाळा सुटली ती सुटलीच.

कोणी म्हणेल, ‘आमच्या चुलत्याला मेंदूज्वर झाला होता, त्याला तर गोळ्याच दिल्या.’ तो बहुधा टीबीचा मेंदूज्वर असणार. तो वेगळा आजार आहे, हळूहळू चढतो आणि त्याची औषधं नऊ महिने ते वर्षभर चालतात. तिथे गोळ्या चालतात, कारण आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड हे दोन लहान रेणू कुंपण सहज ओलांडतात, पाण्यातली त्यांची पातळी जवळपास रक्ताइतकी होते. जपानी मेंदूज्वर तर विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मराठीत तिन्हींना एकच शब्द वापरतात, त्यामुळे एकाच्या घरचा अनुभव दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

नुसतं आत पोचणंही पुरत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आत छान जातं, तोंडावाटेही जातं, स्वस्तही आहे. मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात तेच आणि क्रिस्टलाइन पेनिसिलिन असायचं. रात्री दर चार तासांनी सिस्टर १० लाखांच्या चार-चार बाटल्या फोडून ४० लाख युनिट भरायच्या. पेनिसिलिनचा तो कुबट वास अजून नाकात आहे. पण ज्या न्यूमोकॉकसने पेनिसिलिनला जुमानणं सोडलंय, त्याला क्लोरॅम्फेनिकॉल बरेचदा नुसतं रोखतं, मारत नाही. दक्षिण आफ्रिकेत हे कटू अनुभवातून कळलं, १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. त्याआधी १९५१मध्ये अमेरिकेत लेपर आणि डाउलिंग यांनी दाखवलं होतं की न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनला जंतू नुसता रोखणारं दुसरं औषध जोडलं, तर मृत्यू कमी न होता कितीतरी वाढले. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूलाच मारतं. दुसऱ्याने त्याची वाढ थांबवली की पहिल्याला मारायला काही उरत नाही. ‘दोन औषधं दिली की डबल फायदा’ असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भावाला व्हॅन्कोमायसिन दिलं ते जंतू सेफ्ट्रायॅक्सोनला तरी दाद देतो की नाही हे कळेपर्यंत. रिपोर्ट आला, देतोय असं दिसलं, बंद केलं. चांगल्या वॉर्डाची खूण आहे ती.

‘त्याच वाटेनं औषध का नाही सोडलं?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण हाच प्रश्न पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पडला होता. ऑगस्ट १९४२, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल. हॅरी लॅम्बर्ट नावाचे फ्लेमिंग यांच्या ओळखीचे ५२ वर्षांचे गृहस्थ स्ट्रेप्टोकॉकसच्या मेंदूज्वराने मरणपंथाला लागले होते, सल्फाची औषधं चालत नव्हती. फ्लेमिंगनी ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांना फोन करून पेनिसिलिन मागवलं. जगात तेव्हा ते चिमूटभरच होतं. स्नायूत दर दोन-तीन तासांनी इंजेक्शनं सुरू केली. लॅम्बर्ट सुधारले, पण पुरते नाहीत. फ्लेमिंगनी रक्त तपासलं, त्यात पेनिसिलिन होतं. पाठीचं पाणी तपासलं, त्यात सापडेना. मग त्यांनी पेनिसिलिन थेट पाठीच्या कण्यात टोचलं. लॅम्बर्ट बरे होऊन चालत घरी गेले.

पुढची काही वर्षं तसंच करत. मग पेनिसिलिन मुबलक झालं. मोठे डोस स्नायूत किंवा शिरेत दिले तरी मोडक्या दारातून पुरेसं आत जातं, असं दिसलं आणि पाठीतली इंजेक्शनं मागे पडली. कारणं पक्की होती. पेनिसिलिनसारखी औषधं मेंदूच्या थेट संपर्कात जास्त आली तर झटके आणतात. आणि कमरेत सोडलेलं औषध वर मेंदूच्या पोकळ्यांपर्यंत नीट चढत नाही, कारण पाणी त्या पोकळ्यांतून बाहेर येतं, आत जात नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला तुरटी टाकून वरचं पाणी निवळत नाही. शिरेतून दिलं की रक्त जिथे जिथे जातं तिथून ते झिरपतं. आजही काही वेळा औषध थेट पाण्यात सोडतात, पण ते मुख्यतः मेंदूच्या ऑपरेशननंतर हट्टी जंतू शिरले आणि शिरेतल्या औषधाने भागेना तर, आणि बरेचदा मेंदूच्या पोकळीत बसवलेल्या नळीतून.

दुसऱ्यांदा पाणी का काढलं, तेही या दाराशीच येऊन थांबतं. स्टेरॉइड न विचारता दिलं याचा तुम्हाला राग आहे. पहाटे तीनला बडबडणारा पेशंट समोर असताना कोणाला विचारणार? अँटिबायोटिकने जंतू फुटतात तेव्हा त्यांच्या भिंतीचे तुकडे एकदम पाण्यात सांडतात आणि दाह आणखी भडकतो. मेंदूला सूज येते, कान जातात, ते त्यात. म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा त्याच्याबरोबर द्यायचं आणि चार दिवसांत थांबवायचं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या युरोपातल्या चाचणीत, न्यूमोकॉकसच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण स्टेरॉइडमुळे ३४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं. आफ्रिकेत मलावीमध्ये असाच प्रयोग केला तेव्हा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. तुमच्या भावासारख्या, लवकर पोचलेल्या आणि कानातून न्यूमोकॉकस शिरलेल्या माणसात ते देणं मला शंभर टक्के पटतं. पण स्टेरॉइडने दाह शमतो म्हणजे दारही लवकर लागतं. वजनदार व्हॅन्कोमायसिनला त्याची झळ जास्त. त्यात जंतू पेनिसिलिनला न जुमानणारा. अशा वेळी दोन दिवसांनी पुन्हा पाणी काढून ते निर्जंतुक झालंय का, साखर वर आली का, हे बघणं योग्यच. त्याने कंबर जात नाही की माणूस पांगळा होत नाही. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या बरीच खाली घालतात. चार दिवस डोकं दुखू शकतं, एवढंच.

आणि तालुक्याचे ते डॉक्टर. ‘काही न तपासता’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, त्यांच्याकडे पेढे घेऊन जा. सांगलीला पोचून, सीटी स्कॅन होऊन, पाणी निघून मग औषध सुरू झालं असतं तर तीन-चार तास गेले असते. या आजारात हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस जायला हवा. आधी इंजेक्शन दिल्याने कल्चरमध्ये (पाण्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात) जंतू सापडायची शक्यता कमी होते हे खरं. मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचाच दुसरा एक जंतू) तर दोन तासांत नाहीसा होतो. पण न्यूमोकॉकसला जास्त वेळ लागतो, आणि तुमच्याकडे तो सापडलाच. नसता सापडला तरी पेशी, साखर, प्रथिनं यांवरून निदान झालं असतं.

मामांच्या ॲझिथ्रोमायसिनबद्दल. ते औषध रक्तातून निघून पेशींमध्ये जाऊन बसतं, पाठीच्या पाण्यात नगण्य पोचतं. शिवाय आपल्याकडचे बरेच न्यूमोकॉकस त्याला भीक घालत नाहीत. मामांनी प्रेमानेच दिलं, त्यांच्यावर डाफरू नका. पण वाहत्या कानाला ताप, डोकेदुखी आणि उलटीची जोड मिळाली की काउंटरवरून काही द्यायचं नाही, हे मात्र त्यांच्याशी स्पष्ट बोला. तुमच्या गावात तेच पहिले डॉक्टर आहेत, म्हणून.

खर्चाचं बोलायचं तर हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटा, रेशनकार्ड बरोबर ठेवा. कुठल्या उपचाराला किती मंजूर होतं ते तोच सांगेल. दुसरं, ताप जाऊन काही दिवस झाले, झटके नाहीत, जेवण नीट आहे, असं असेल तर शेवटचे दिवस घराजवळच्या दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ शिरेतून तोच २ ग्रॅमचा डोस घेता येईल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ते ‘हो’ म्हणाले तरच. औषध तेच, डोस तोच, फक्त खाट घरची. डामाच्या कागदावर सही करून गोळ्या घेऊन जाणं यात बसत नाही.

मुलांना काही द्यायचं नाही. घरच्यांना रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात ते मेनिंगोकॉकसचा पेशंट असेल तर. न्यूमोकॉकस असा घरात पसरत नाही. मुलांचे लसीकरणाचे कार्ड तेवढे तपासा. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, धाकट्याला मिळालेली असेल. भावालाही बरं झाल्यावर न्यूमोकॉकसची लस द्यायची का, ते विचारून घ्या. आणि त्याच्या कानाचं नीट बघितल्याशिवाय हा विषय मिटत नाही. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानामागचं हाड पोखरलेलं असेल तर जंतूंना तीच वाट पुन्हा मिळेल. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्कॅन सांगितला तर करून घ्या. खोबरेल तेल, लसूण तापवून, कापसाची बोळी, सगळं बंद.

आता त्या ‘हं? हं?’बद्दल. फोनवर मी यावरच तुम्हाला दोनदा थांबवलं होतं, म्हणून इथेही लिहितो. तुम्ही ते अशक्तपणावर घातलंत. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात ऐकू येण्यावर परिणाम होणं ही नेहमीची गोष्ट आहे. दाह त्या पाण्यातून थेट आतल्या कानात उतरतो, आणि ते वाहत्या कानाच्याच बाजूला होईल असं नाही. डिस्चार्जच्या आधी, फार तर चार आठवड्यांच्या आत, दोन्ही कानांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. ऐकणं फार गेलं असेल तर उशीर परवडत नाही, कारण आतल्या कानातला शंख काही महिन्यांत हाडाने भरून येऊ शकतो आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात ऑपरेशनने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवणं अवघड होतं. तोवर एक करा. त्याचा मोबाइल वाजला की तो कोणत्या कानाला लावतो ते बघा, आणि मग दुसऱ्या कानाला लावायला सांगा.